लेस्टर ते स्काय, आई-बाबांसोबत: फेरी की पूल?

लेस्टरकर: जूनमध्ये आई-बाबांना गाडीने स्कायला, स्कॉटलंडच्या बेटावर नेतोय. बाबांना गुडघ्यांमुळे दोन तासांवर बसवत नाही. पहिला मुक्काम लेक डिस्ट्रिक्टला. पुढे मॅलेग बंदरातून फेरी घ्यावी का, की पुलावरून जावं? आईला बोट लागते.

ग्लासगोची ताई: घेच! मॅलेग ते स्कायचं आर्मडेल जेमतेम पाऊण तास. गाडीचं बुकिंग आजच कर. वाटेत ग्लेनकोच्या दरीत थांब, बाबांचे पाय मोकळे होतील. येताना पूल; २००४ पासून टोल नाही.

लेस्टरकर: वारा सुटला तर, ताई?

ग्लासगोची ताई: फेरी रद्द होते कधीकधी. मॅलेगच्या आधीचं फोर्ट विल्यम गाव सोडण्याआधीच बघ, तिथूनच पुलाचा रस्ता फुटतो.

इन्व्हरनेसकर: फेरीत गाडीतून उतरून वर जावं लागतं. गुडघ्यांचं कर्मचाऱ्यांना आधीच सांगा. आईंना आलेपाक द्या, डेकवर मोकळ्या हवेत बसवा.