गोष्ट पुढे सरकतच नाही: सव्वातीन वर्षांच्या मुलीला चित्रपुस्तक कसं वाचून दाखवायचं?

पिंपळगावचा_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही पिंपळगाव बसवंतला राहतो. मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. रात्री जेवणं उरकली की तिला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं, असं दिवाळीपासून ठरवलंय. तिला ते आवडतं, पुस्तक घेऊन तीच मांडीवर येऊन बसते. अडचण त्याच्या पुढे आहे.

मी वाचतो, "आजी बाजाराला निघाली." पान उलटायला जावं तर ही पानावर हात ठेवते. आजीकडे तिचं लक्षच नसतं. चित्राच्या कोपऱ्यात एक शेळी काढलीय, ती भाजीवालीच्या पाटीतली मेथी ओढतेय. त्या शेळीबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. पण हिला शेळीच हवी. "बाबा, ही कोणाची? हिला बांधली का नाही? हिची आई कुठे गेली?" पुस्तक सोळा पानांचं, पण आम्ही चौथ्या-पाचव्या पानापुढे क्वचित जातो. नाहीतर मग ती एकदम शेवटचं पान काढते आणि तिथे शेळी आहे का बघते. आणि रोज हेच पुस्तक. नवीन दोन आणली, ती तशीच पडून आहेत.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. बायको म्हणते, वाचताना अक्षरांखालून बोट फिरवा, जूनमध्ये शाळा सुरू होईल. बहीण म्हणते, आधी गोष्ट पूर्ण ऐकायची, प्रश्न नंतर, ही शिस्त आत्ताच लावली पाहिजे. माझी स्वतःची शंका अशी की पुस्तकातली भाषा छापील आहे, आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. ती आपल्या बोलीत फिरवून सांगावी, की छापलंय तसंच वाचावं?

ज्यांनी लहान मुलांना खरंच वाचून दाखवलंय त्यांनी सांगा. मनापासून विचारतोय.

---

दोन_लेकींची_आई

माझ्या धाकटीचं असंच होतं, तिला एका पुस्तकातल्या सायकलच्या घंटीने वेड लावलं होतं. तिला थांबवू नका. एक गोष्ट मात्र टाळा. मुलं चित्र बघायला लागली की आपण मोठी माणसं लगेच परीक्षा घेतो. "हा रंग कोणता? फुलं किती? मोजून दाखव बरं." तिला शेळीची काळजी वाटतेय आणि आपण विचारतो, शेळीला पाय किती. आमच्या घरी येणारे पाहुणे हे फार करायचे, आणि मग मोठी पुस्तक मिटून निघून जायची.

---

बालवाडीताई

दादा, मी दापोली तालुक्यात बालवाडी चालवते, बरीच वर्षं झाली. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुमची लेक काय करते ते तुम्ही इतकं नीट पाहिलंय. उत्तर लांबणार आहे, पण सगळं सांगते.

तुम्ही अक्षरं वाचताय आणि ती चित्र वाचतेय. दोघंही वाचताय. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट शब्दांत असते आणि निम्मी चित्रात, आणि चित्रातली निम्मी मुद्दाम शब्दांत येऊ दिलेली नसते. चित्रकाराने ती शेळी मुलांनी शोधावी म्हणूनच तिथे काढलीय. तुमच्या मुलीला ती सापडली. आता ती शेवटच्या पानावर उडी का मारते ते बघा. शेळीचं पुढे काही तरी होणार, आणि जे होणार ते पुस्तकाच्या शेवटी असणार, हे तिला कळलंय. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे कोणी न शिकवता तिला उमगलंय, तेही सव्वातीन वर्षांच्या वयात. यात शिस्त बिघडण्यासारखं काही नाही.

एक साधी गोष्ट करून बघा. नवीन पुस्तक आणलं की पहिल्या दिवशी ते वाचूच नका. मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत नुसती चित्रं बघा, तिला हवं तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी वाचा. तुमच्याकडे पडून असलेली ती दोन पुस्तकंही अशीच उघडा. गोष्टीत कोण कोण आहे हे आधी माहीत असलं की वाचताना मूल शब्दांकडे कान देतं. बालवाडीत हा फरक मी रोज बघते.

दुसरं, तुमचा वेग. आपली नजर पान उघडताच अक्षरांवर जाते. एक ओळ वाचायला आपल्याला दोन-तीन सेकंद लागतात आणि आपलं पान संपतं. तेवढ्यात मुलाने चित्राचा एक कोपरा कसाबसा बघितलेला असतो. म्हणून ओळ वाचली की गप्प बसा. तिच्या डोळ्यांकडे बघा. ते पानावर फिरत असतात, कुठे तरी थांबतात, परत फिरतात. मग ती मान वर करून तुमच्याकडे बघेल. पान उलटायची वेळ ती. आणि पान तिलाच उलटू द्या, खालचा उजवा कोपरा तिच्या बोटांत द्या. या पुस्तकांत पान उलटणं हा गोष्टीचाच भाग असतो, "आणि मग..." म्हणून थांबायची जागा बहुतेक वेळा उजव्या पानाच्या शेवटी असते.

ती बोलली की काय करायचं? तिचंच वाक्य घ्या आणि थोडं वाढवून परत द्या. ती म्हणाली, "शेळी खाते." तुम्ही म्हणा, "हो, शेळी भाजीवालीच्या पाटीतली मेथी खाते." एवढंच. "म्हण बघू" असं म्हणू नका. काही दिवसांनी "पाटीतली" तिच्या तोंडात आपोआप येईल. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी तुम्ही द्यायला हवं असं नाही. "तिला बांधली का नाही?" याला "तुला काय वाटतं?" म्हणून थांबा, आणि खरंच थांबा. लहान मुलांना वाक्य जुळवायला वेळ लागतो.

याचा अभ्यासही झालाय. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तो प्रसिद्ध केला. साधारण दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं होतं की मोकळे प्रश्न विचारा, मूल बोललं की त्यात भर घाला, मुलाला सांगू द्या. दुसऱ्या गटातले पालक आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचत राहिले. दोन्ही गटांत वाचन सारखंच होत होतं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. म्हणजे किती पुस्तकं संपवली यापेक्षा वाचताना काय बोलणं झालं त्याला वजन आहे. तुमच्या बहिणीला हे जरूर सांगा.

आता भाषेचं. आमच्याकडेही तीच अडचण, इथली मुलं घरात वेगळं बोलतात. मी दोन्ही करते. चित्रं बघताना आपल्या बोलीत पोटभर बोलायचं, मुलांनी बोलायचं, मी बोलायचं. वाचायला घेतलं की छापलंय तसं वाचायचं. मुलाला गोष्ट आधी आपल्या भाषेत कळलेली असली की छापील वाक्य अंगावर येत नाही, आणि पुस्तकी मराठी कानावर पडायला एवढी चांगली जागा दुसरी नाही. फक्त पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारी ओळ असेल तर ती कधीही बदलू नका. तीच ओळ मुलं आपल्याबरोबर म्हणतात, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आपल्याला अडवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा आदिवासी मुलांच्या अंगणात, त्यांच्या आसपासच्याच पानांफुलांतून, शंखशिंपल्यांतून बालवाडी उभी केली. मुलाच्या घरून सुरुवात करायची हे आम्ही तिथूनच घेतलंय.

बोट फिरवणं या वयात नको. बोट अक्षरांखालून पळायला लागलं की तिची नजर चित्रावरून उठते आणि तिला अक्षरंही कळत नाहीत. मुखपृष्ठावरचं नाव एकदा बोट ठेवून वाचा. "धडाम!" असं मोठ्या अक्षरात कुठे छापलं असेल तर तिथे बोट ठेवा, मुलं स्वतः ठेवायला लागतात. सध्या तेवढं पुरे.

आवाज काढायचे का, हेही बरेच पालक विचारतात. थोडेसे. फार नाटक केलं की मुलं आपल्या तोंडाकडे बघत बसतात आणि चित्र राहून जातं. मी तर पुस्तक खांद्याशी, चेहऱ्याच्या बाजूला धरते, खिडकी माझ्या पाठीमागे येणार नाही अशी बसते, नाहीतर गुळगुळीत कागदावर चमक येते आणि मागच्या मुलांना काहीच दिसत नाही. वीस मुलं सतरंजीवर असली की तुमच्या शेळीसारखी बारीक चित्रं उपयोगाची नाहीत, तिथे पानभर एकच मोठं चित्र लागतं. ती शेळी मांडीवर बसूनच बघायची. तुम्हाला ते रोज मिळतंय.

आणि रोज तेच पुस्तक मागते त्याची चिंता अजिबात करू नका. पुढे काय येणार हे माहीत असणं या वयात फार सुखाचं असतं. दर वेळी ती त्यातलं नवं काही तरी उचलत असते. कंटाळा आपल्याला येतो.

---

श्टुटगार्टची_मराठी_आई

ताई, अगदी पटलं. आम्ही जर्मनीत आहोत, मुलगा चार वर्षांचा, मराठी पुस्तकं भारतातून येतील तेवढीच. इथल्या वाचनालयात 'विमेलबूख' नावाचा प्रकार मिळतो. मोठी, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, शब्द जवळजवळ नाहीत, पानभर गर्दी: स्टेशन, बाजार, पोहण्याचा तलाव. तीच माणसं पुढच्या पानावर दुसरीकडे दिसतात, म्हणजे ज्याचा फुगा उडालेला असतो तो पुढे रडत असतो. ती पुस्तकं मी पूर्ण मराठीत वाचते. शब्दच नसल्यामुळे भाषा कोणतीही चालते. पिंपळगावच्या बाबांच्या शेळीवालीला हे फार आवडेल. आपल्याकडे जत्रेची, एसटी स्टँडची अशी पुस्तकं भरपूर निघायला हवीत असं मला कळकळीने वाटतं.

---

पुस्तकपेटी_सातारा

आम्ही काही जण गावोगावच्या अंगणवाड्यांत पुस्तकांची पेटी फिरवतो. पुस्तकं कुठून घ्यायची ते सांगतो.

मराठीत मुळातूनच लिहिलेली, इथलीच घरं-माणसं असलेली चित्रपुस्तकं हवी असतील तर आधी ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी बघा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं जरूर घ्या. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच असतात, त्यामुळे शब्दांनी काय सांगायचं आणि चित्राने काय, याची वाटणी फार नेमकी होते. 'राधाचं घर' हा संच या वयाला अगदी योग्य. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं स्वस्त पडतात. चेन्नईच्या तूलिकाची मराठी-इंग्रजी अशी दोन भाषांतली पुस्तकंही मिळतात.

पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ साली सुरू झालेलं. मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात, छापूनही घेता येतात. चार पातळ्या आहेत, तुमच्या मुलीला पहिली घ्या, त्यात पानावर एखादंच वाक्य असतं. मात्र तिथे कोणीही अनुवाद करून टाकू शकतं, म्हणून आधी स्वतः वाचून बघा. काही मराठी फार छान आहे, काही वाचताना जीभ अडते. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा रंगीत छापून, मध्ये दोन टाके घालून दिलेलं बरं. मोबाइलवर चित्र तळहाताएवढं होतं आणि पान उलटायचा आनंद राहत नाही.

घेताना एकच बघा. प्रत्येक पानावर दहा-दहा ओळी कोंबलेल्या असतील आणि चित्रात फक्त तेच दाखवलं असेल जे ओळींत लिहिलंय, तर ते पुस्तक अजून तीन वर्षांनी घ्या.

---

पिंपळगावचा_बाबा

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवीन पुस्तकाची फक्त चित्रं बघितली, शेवटपर्यंत गेलो. आता एक शेवटचं विचारतो, ताई. द्राक्षं काढायला आली की मला घरी यायला उशीर होतो. तेव्हा पोरगी माझ्या आईजवळ असते. आई शाळेत गेलेली नाही, तिला वाचता येत नाही. ती म्हणते, पुस्तक मला देऊ नका, मी काहीतरी चुकीचं सांगेन. त्या दिवसांत काय करू?

---

बालवाडीताई

पुस्तक आजींच्याच हातात द्या. चित्रावरून सांगण्यात चूक काही होत नाही. एकदा तुम्ही मुलीला वाचून दाखवत असताना आजींना शेजारी बसवा, गोष्ट त्यांच्या कानावर पडेल. मग त्यांना हवी तशी सांगू द्या. आणि शेळ्या-कोंबड्या त्यांनी पाळल्या असतील, तर तुमच्या लेकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याइतकी कोणालाच देता येणार नाहीत. शेळी मेथीच का ओढते, तिला दाव्याला कधी बांधतात, करडू आईला कसं ओळखतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असणार?

आमच्या बालवाडीत दर शनिवारी कोणाची तरी आजी येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी शब्द नसलेलं किंवा अगदी कमी शब्दांचं पुस्तक आदल्या दिवशी घरी देते, म्हणजे त्या निवांत बघून येतात. तुम्हीही तसंच करा. दुपारी पोरगी झोपली असताना त्यांना पुस्तक चाळू द्या. चष्मा लागत असेल तर तो आधी करून घ्या, नाहीतर ती कोपऱ्यातली शेळी त्यांना दिसायची नाही.