निळ्याला नोबेल, मग लाल दिव्याचं काय?

ऐरोलीकर:
सकाळपासून एक पोस्ट फिरतेय: ‘एलईडी शोधला शुजी नाकामुरांनी, त्यासाठीच २०१४ चं नोबेल.’ डोकं फिरलं. एक तर ते नोबेल अकासाकी आणि अमानो यांनाही होतं. आणि निक होलोन्याक कुठे गेले? सिरॅक्यूजला जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली त्यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा लाल एलईडी पेटवला. नुसत्या आर्सेनाइडचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. फॉस्फरस मिसळून त्यांनी तो दिसेलसा केला. खाणकामगाराचा मुलगा, ट्रान्झिस्टरवाल्या जॉन बार्डीनचा पहिला पीएचडी विद्यार्थी. २०२२ मध्ये गेले, नोबेलविना.

वाशी सेक्टर १७:
लाल दिव्याने घर उजळत नाही. पांढरा बल्ब म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर, म्हणजे निळ्याचा काही भाग पिवळा करणारी पूड (फॉस्फरस नव्हे). निळ्या चिपच्या गॅलियम नायट्राइडचा पी-टाइप थर (धन प्रभार वाहून नेणारा) जमेना म्हणून भल्याभल्यांनी हात टेकले होते. त्यासाठी मिसळलेल्या मॅग्नेशियमला हायड्रोजन चिकटून बसायचा. तो तापवून घालवता येतो, हे नाकामुरांनी दाखवलं. नोबेल निळ्या एलईडीसाठी आहे, तसं स्पष्ट म्हटलंय.

घोडबंदरची आई:
नोबेलचं राहू द्या, हे बल्ब टिकत का नाहीत ते सांगा. खोक्यावर २५,००० तास, आमच्या जिन्यात एक पावसाळा काढत नाहीत.

कळव्याचा वायरमन:
ताई, चिप शाबूत असते, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट. बल्ब उघडून बघा, कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसेल. बंद काचेच्या फिटिंगमध्ये उष्णता कोंडते, कपॅसिटरमधला द्रव, इलेक्ट्रोलाइट, सुकतो. सोसायट्या सगळ्यात स्वस्त कोटेशन पास करतात आणि शिव्या आम्हाला.

घोडबंदरची आई:
आम्ही स्वस्तातले घेतले नव्हते! सेक्रेटरीशी भांडून महागाचे आणायला लावले. तरी गेले, आणि त्या अंधारात सासूबाई पडल्या, मनगट मोडलं. मला उष्णता-बिष्णता शिकवू नका.

कळव्याचा वायरमन:
वाईट झालं. पण महागाचा बल्बही कोंडला की जातोच. फिटिंगची काच काढायला सांगा, दुसरा इलाज नाही.

घोडबंदरची आई:
बघते सांगून. पण हे खोक्यावर का छापत नाहीत?

ऐरोलीकर:
धागा होलोन्याकांचा आहे, जिन्याचा नाही!

वाशी सेक्टर १७:
मग उत्तर द्या. एक नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. कुणाचं नाव काढायचं?

ऐरोलीकर:
कुणाचंच नाही. निळ्याचं काम जास्त अवघड होतं, चला, एवढं मान्य. पण १९६२ ते २०१४, मध्ये ५२ वर्षं होती. लाल दिव्याला वेगळं नोबेल द्यायला कुणी हात धरला होता?