‘एलियासिंग’, ‘लो-पास’, ‘शार्पनेस’ : मराठीत काय म्हणावं?

आर्वीकर :
कॅमेऱ्यांच्या माहितीत एक वाक्य सारखं येतं, ‘अँटी-एलियासिंग फिल्टर नाही, त्यामुळे शार्पनेस जास्त’. हा फिल्टर म्हणजे सेन्सरसमोरची (प्रकाश टिपणाऱ्या भागासमोरची), फोटो किंचित मऊ करणारी काच; तिलाच ‘लो-पास’ही म्हणतात. यातल्या ‘एलियासिंग’ला मराठी शब्द कोणता? आणि ‘शार्पनेस’साठी ‘स्पष्टता’ चालेल का? तालुक्यातल्या फोटोग्राफरांसाठी माहितीपत्रक करायचं आहे, तेव्हा काउंटरवर उभं राहून बोलता येईल असा शब्द सुचवा.

निसणा :
‘स्पष्टता’ नको भाऊ, त्यात सगळाच चिवडा होतो. आपल्याकडे स्टुडिओत आधीच तीन शब्द रुळलेले आहेत. फोकस चुकला तर फोटो ‘आऊट’, हात हलला तर ‘शेक’, लहान फोटो ताणून मोठा केला तर ‘फाटला’. फिल्टरमुळे येणारा मऊपणा या तिन्हींत बसत नाही.
शार्पनेसमध्ये दोन गोष्टी आहेत. एक ‘तपशील’, म्हणजे किती बारीक धागे एकमेकांपासून वेगळे दिसतात. दुसरी ‘धार’, म्हणजे बैलाच्या शिंगाची कड आभाळावर किती झटक्यात काळ्याची पांढरी होते. फिल्टर मुख्यतः धार बोथट करतो. तपशील तो खातो, पण सेन्सरच्या मर्यादेजवळचा, अगदी बारीक तेवढाच. धार नंतर लावता येते, म्हणून ‘शार्पनिंग’ला माझ्या मते ‘पाजवणे’ हाच शब्द. विळा पाजवला की धार येते, पातं काही लांब होत नाही.

पवनीकर :
‘एलियास’ मूळ लॅटिन, अर्थ ‘एरवी, दुसऱ्या वेळी’. आपल्या कोर्टकचेरीतलं ‘ऊर्फ’ तेच. पण ऊर्फमध्ये फसवणूक नसते, दोन्ही नावं एकाच माणसाची असतात. इथे सेन्सरला न पेलणारी बारीक नक्षी जाड नक्षीचं सोंग घेऊन फोटोत येऊन बसते. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘तोतया’. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा निघाला होता तसा.
समजावून सांगायला शंकरपटाचा (बैलगाडी शर्यतीचा) व्हिडिओ बरा. बंडीच्या चाकाला १२ आरे, म्हणजे दोन आऱ्यांत ३० अंश. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आणि शटर १/१००० सेकंदाच्या आसपास. चाक दर फ्रेमला बरोबर ३० अंश फिरलं तर आरे जागच्या जागी उभे दिसतात. २८ अंश फिरलं तर २ अंश उलटे फिरताना दिसतात. १ मीटर व्यासाच्या चाकाला आरे उभे दिसण्याचा वेग ताशी साधारण साडेतेवीस किलोमीटरला येतो. ते उलटं फिरणं हा तोतया. सेन्सरवर हेच काळाऐवजी जागेत घडतं.

मोर्शीचा फोटोवाला :
तोतया झक्कास हाय बाप्पा. मंग ‘लो-पास’ले चाळणी म्हना ना.

पवनीकर :
चाळणी उलटी पडते, दादा. चाळणीतून बारीक खाली जातं आणि जाड वर राहतं. लो-पासमध्ये बारीक अडतं आणि जाड पुढे जातं. शब्द घ्यायचाच तर ‘सूप’ घ्या. सुपानं पाखडलं की हलका भुसा उडतो, दाणा राहतो. जोरानं पाखडलं तर बारीक दाणाही भुशाबरोबर जातो, हेही तंतोतंत लागू पडतं. एरवी शास्त्राच्या शब्दांना असा देशी जोड क्वचितच मिळतो.

निसणा :
सूप मान्य. फक्त पाखडणी नेमकी कशी होते ते पत्रकात यायला हवं, नाहीतर लोक त्याला धुरकट काच समजतील. सेन्सरवर लिथियम नायोबेट किंवा क्वार्ट्झचे दोन पातळ पापुद्रे असतात. हे स्फटिक एका किरणाचे दोन किरण करतात. पहिला पापुद्रा आडवे दोन करतो, दुसरा त्यांचे उभे दोन. एका बिंदूचे चार झाले आणि त्यांच्यातलं अंतर साधारण एका पिक्सेलच्या घरातलं. निकॉनने २०१२ साली ३६.३ मेगापिक्सेलचे डी८०० आणि डी८००ई असे जोडीनं काढले. ‘ई’मध्ये पापुद्रा काढलेला नव्हता, तो असा बसवला होता की आधी फाटलेला किरण पुन्हा एक व्हावा. त्यामुळे ‘ई’ला ‘बिनफिल्टरचा’ लिहू नका, ‘फिल्टर निष्प्रभ केलेला’ लिहा. पुढच्या डी८१० मध्ये (२०१४) तो खरोखर नव्हता.

आर्वीकर :
आणि ‘मॉयरे’? लग्नाच्या फोटोत साडीवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात ते.

पवनीकर :
तो शब्द कापडातूनच आला आहे. अरबी ‘मुखय्यर’ (निवडक) पासून ‘मोहेर’, त्यावरून फ्रेंच ‘म्वार’, पाण्यासारखी झाक मारणारं कापड. मराठीत ‘लहर’ म्हणा, ‘रंगीत लहर’ आणि ‘साधी लहर’. हा भेद ठेवाच, कारण सेन्सरवर लाल आणि निळे पिक्सेल एकाआड एक असतात आणि रंगाची मर्यादा निम्म्यावर येते. त्यामुळे रंगीत लहर आधी उठते.
आकड्यात बघा. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, लेन्स ५० मिलिमीटर. करवतकाठीचं टसर सेंटीमीटरला २५ धाग्यांचं धरलं, तर रंगीत लहरीचा धोका सव्वा मीटरच्या पुढे सुरू होतो आणि अडीच मीटरला साधी लहरही येते. नवरीचा अर्धा फोटो आपण नेमका याच अंतरातून काढतो! पऱ्हाटीच्या, तुराटीच्या (कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगावर लहर उठत नाही, कारण तिथे ठरावीक अंतरानं परत येणारं काही नाही. टिनपत्र्याचं छप्पर लांबून घेतलं तर मात्र उठते.

मोर्शीचा फोटोवाला :
उठली तं करा काय?

पवनीकर :
एक पाऊल मागंपुढं व्हा किंवा झूम थोडा बदला. कापडाचा कोन बदलला तरी जाते. तेही जमत नसेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करून एफ ११ ते १६ वर जा. एफ ११ ला हिरव्या प्रकाशाचा ठिपकाच सुमारे १५ मायक्रॉनचा, म्हणजे पावणेचार पिक्सेलभर पसरतो. लेन्सच सूप होते. तिथे फिल्टरवाला आणि बिनफिल्टरचा यांतला फरक शोधावा लागतो.
तपासताना फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून बघा. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर पूर्ण फोटो बसवताना पडदा स्वतःच खोटी लहर दाखवतो. रंगीत लहर लाइटरूमच्या (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या) ब्रशनं बरीच पुसली जाते. साधी लहर राहते, तिचा खरा धागा फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

मोर्शीचा फोटोवाला :
आन् जुन्या कॅमेऱ्याची काच काढूनच टाकली तं?

निसणा :
नुसती काढू नका. त्याच गठ्ठ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते, ती गेली की रंग बिघडतात, झाडं फिकट पडतात. शिवाय काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश इतका फोकस सरकतो. २ मिलिमीटरचा गठ्ठा काढला तर दोन-तृतीयांश मिलिमीटर. मग लांबचा डोंगर फोकसमध्येच येत नाही. तेवढ्याच प्रकाशीय जाडीची काच बदली बसवावी लागते.
त्यापेक्षा पाजवणं स्वस्त. लाइटरूममध्ये शार्पनिंगचे मूळ आकडे प्रमाण (अमाउंट) ४० आणि त्रिज्या (रेडियस) १.० असे असतात. फिल्टरवाल्या फाइलला ५५-६५ आणि ०.८ करून बघा. बिनफिल्टरच्या फाइलला ३५ आणि ०.६ पुरे. शिंगाभोवती पांढरी किनार दिसली की जास्त पाजवलं.

आर्वीकर :
मग पत्रकात तपशील, धार, पाजवणे, तोतया नक्षी आणि रंगीत लहर घेतो. फिल्टरला ‘तोतयारोधक’ म्हणू?

निसणा :
छापायला बरा आहे, पण काउंटरवर कोणी म्हणणार नाही. तिथे ‘लो-पासची काच’च चालेल. सूप समजावून सांगायला ठेवा.