घात, घातांक आणि घातांकी समीकरण

प्रश्न : 'घातांकी समीकरण' नेमकं कशाला म्हणायचं? क्ष^२ = ४९ मध्येही डोक्यावर २ आहेच, मग तेही घातांकीच का? आणि घात नि घातांक एकच की वेगळे? वर्गात तर सगळं सरसकट 'पॉवर'. (घातांक वर चढवता येत नाही, म्हणून ^ वापरलंय.)

– वेगळे. २^५ = ३२ घ्या. २ हा पाया, ५ हा घातांक आणि ३२ हा २ चा पाचवा घात. म्हणजे घात ही हाती येणारी संख्या. बोलताना लोक 'घात ५' म्हणतात, ते खपून जातं. तुमचं क्ष^२ = ४९ हे साधं वर्गसमीकरण, कारण अज्ञात पायात आहे. २^क्ष = ३२ मध्ये ते घातांकात आहे, म्हणून हे घातांकी. पहिल्यात मूळ काढून सुटका होते, दुसऱ्यात होत नाही.

– पण 'घात' हा शब्द इथे आला कुठून? विश्वासघाताशी काही नातं?

– धातू एकच, हन्. संस्कृत गणितात त्याचा अर्थ 'गुणणे' असाही होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत वर्गाची व्याख्या 'समद्विघातः' अशी आहे, म्हणजे दोन समान संख्यांचा गुणाकार. घन म्हणजे 'समत्रिघात'. तेव्हा घात म्हणजे मुळात गुणाकारच. घातांक म्हणजे त्या गुणाकारात पाया किती वेळा आला ते सांगणारा अंक. अर्थात हे पूर्णांकांपुरतं. घातांक ३/२ आला की 'किती वेळा' ही भाषा संपते.

– ३/२ येतो कधी?

– ४^क्ष = ८ सोडवा. बरेच जण ८ भागिले ४ करून २ लिहून मोकळे होतात, पण ४^२ तर १६. दोन्हीकडे पाया २ करून घ्या : २^(२क्ष) = २^३. आता पाया समान, घातही समान, म्हणून घातांक समान. २क्ष = ३, क्ष = ३/२. इथे 'घात' आणि 'घातांक' यांची अदलाबदल केलीत तर वाक्याला अर्थच उरत नाही.

– हा नियम बिनशर्त नाही हं. १^५ = १^७, म्हणून काय ५ = ७? (−१)^२ आणि (−१)^४ चंही तेच. पाया धन हवा आणि १ नको. अट न सांगता नियम घोकून घेणं मला तरी पटत नाही.

– पाया धन असण्याचा आणखी एक उपयोग. ९^क्ष − २·३^क्ष − ३ = ० मध्ये ३^क्ष = य धरा. य^२ − २य − ३ = ०, म्हणून य = ३ किंवा −१. ३ चा कुठलाही वास्तव घात ऋण नसतो, तेव्हा −१ बाद. उरलं ३^क्ष = ३, क्ष = १.

– आणि २^क्ष = १०? पाया काही केल्या जुळत नाही.

– तिथे लॉग. लॉग म्हणजे तरी काय, घातांकच : २ वर कोणता घातांक चढवला की १० येतात? २^३ = ८ आणि २^४ = १६, तेव्हा उत्तर ३ च्या जरा पुढे. लॉग १० भागिले लॉग २, सुमारे ३.३२.