मदत हवी आहे: ॲल्युमिनियमच्या होडीत वायर पक्की कशी बसवावी?

पैठणच्या नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) मासेमारीसाठी लहान ॲल्युमिनियमची होडी आहे. १२ व्होल्टची बॅटरी मागे, दिवा आणि फिश फाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) पुढे. बॅटरीजवळ फ्यूज आहे. प्लस-मायनस दोन्ही वायर थेट बॅटरीपर्यंत नेल्यात, पत्र्याचा अर्थिंगसाठी वापर केलेला नाही. अडचण वायर जागेवर राहण्याची. चिकटवायचे क्लिप लावून पाहिले, सिलिकॉनही; पैठणच्या उन्हात पत्रा तापला की दोन्ही सुटतात. मग वायर होडीच्या आतल्या आडव्या पट्ट्यांच्या धारेवर घासते. कव्हर सोललं आणि तांबं ॲल्युमिनियमला ओलाव्यात टेकलं, तर पत्रा खाल्ला जाईल, ही मोठी काळजी. तळाला भोक पाडायचं नाही. काठाच्या आतल्या पट्टीला, पाण्याच्या बऱ्याच वर, रबराचे क्लॅम्प ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटने मारले तर टिकतील का? आणि पट्ट्यांमधून नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी) पुरेल, की सगळी वायर फ्लेक्सिबल पाइपात घालावी?