मदत हवी आहे : हायडॅटिना बुलापासून वेगळी का काढली?

नमस्कार. समुद्री गोगलगायींच्या वर्गीकरणावर मराठीत टिपण लिहितो आहे आणि हायडॅटिना या वंशापाशी गाडं अडलं आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

हा वंश शूमाखर यांनी १८१७ साली मांडला. त्यातली सर्वांत परिचित जाती हायडॅटिना फायसिस. तिला लिनीअसने १७५८ मध्ये बुला वंशात ठेवलं होतं, आणि ते पटतंही: दोन्हींचे शंख फुगीर गोल, शिखर आत दबलेलं, प्रौढ प्राण्याला शंखाचं झाकण नाही, डोक्यावर चपटी ढाल. जुन्या पुस्तकांत दोन्ही वंश सेफालास्पिडिया गणातच सापडतात. नव्या याद्यांत मात्र बुला तिथेच राहिली आहे आणि हायडॅटिना ॲप्लस्ट्रिडी कुलात, म्हणजे ॲक्टिऑन या दुसऱ्या समुद्री गोगलगायींच्या वंशाच्या महाकुलात गेली आहे.

माझी अडचण इथेच आहे. ॲक्टिऑनचा शंख जाड असतो, प्राणी पूर्ण आत शिरतो आणि झाकण ओढून घेतो. हायडॅटिनाचा शंख अगदी पातळ, आणि गुलाबी, निळसर काठाचा पाय शंखाबाहेर मोठा पसरलेला. मग या दोघींना एकत्र बांधणारं शरीररचनेतलं लक्षण कोणतं? डोक्यावरची ढाल वर्गीकरणाला विश्वासार्ह धरावी का?

प्रतिसाद १
ढालीवर एकट्या भिस्त ठेवू नका. वाळूत घुसून जगणाऱ्यांना ती उपयोगी पडते, त्यामुळे वेगवेगळ्या शाखांत ती स्वतंत्रपणे येऊ शकते. पाहायचीच असेल तर तिची मागची कड पाहा, हायडॅटिना आणि ॲक्टिऑन दोघींतही ती पाळ्यांत विभागलेली असते.

खरा फरक पोटात आहे. बुला शैवाल खाते आणि तिच्या पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, तीन कठीण पट्ट्या असतात. हायडॅटिना सिराट्युलिड कुलातले वलयी कृमी गिळते, तिला तशी पेषणी नाही. यॉर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये युओपिस्थोब्रँकिया हा गट मांडला, तेव्हा त्याचं मुख्य शारीरिक लक्षण कठीण अस्तराची पेषणी हेच धरलं. बुला त्या गटात येते. ॲक्टिऑन आणि हायडॅटिना दोघी बाहेर राहतात, आणि डीएनएवर आधारलेले वंशवृक्षही या दोघींना जवळच दाखवतात. झाकण ॲप्लस्ट्रिडी कुलात पुढे नाहीसं झालं असं मानलं, की तुमची शंका बरीचशी सुटते.

धागाकर्ता
मनापासून आभार, पेषणीचा मुद्दा फार मोलाचा आहे. आणखी एक विचारतो. आधी हायडॅटिनात गणली जाणारी ॲम्प्लुस्ट्रे ही जाती आता ॲप्लस्ट्रम वंशात दिसते. ती हलवताना शंखावरचे पट्टे पाहिले की अंतर्रचना? रॅड्युलाच्या, म्हणजे तोंडातल्या दातेरी पट्टीच्या, दातांची तुलना कुणी पाहिली असेल तर कृपया सांगा, टिपणातला तो परिच्छेद मी त्यासाठी थांबवून ठेवला आहे.