हळदीचे फोटो पिवळेधमक आलेत, पण हळद तर पिवळीच हवी ना?

नवखी:
नमस्कार मंडळी. मोबाइलमधल्या फिल्टरपलीकडे मला एडिटिंगमधलं काही कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मामेबहिणीची हळद झाली, मामाच्या अंगणात, संध्याकाळी सातनंतर. भावाचा कॅनन १५००डी माझ्या हातात होता, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स लावून. मांडवाला जुने पिवळे बल्ब, सोप्यावर ट्यूबलाइट. ४१२ फोटो काढले. लॅपटॉपवर बघते तर भिंत पिवळी, मामाची टोपी पिवळी, आजीचे केससुद्धा पिवळे. 'ऑटो' नावाचं बटण दाबलं तर पिवळेपणा गेला, पण सोबत हळदही गेली. बहीण कावीळ उतरल्यावर दिसावी तशी दिसायला लागली.

मामींना ६० फोटोंचा अल्बम हवाय, सहा बाय चारचा. सुरुवात कुठून करू? आणि अजून एक. भावाने मध्येच काहीतरी सेटिंग बदललं, तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या जोडीला एक सीआरटू नावाची फाइल आहे. ती उघडत नाही आणि एकेक २५-३० एमबीची आहे. लॅपटॉप भरत आलाय. डिलीट करू का?

चहाटळ:
सगळ्यांना 'जुना काळ' फिल्टर मारा. मुद्दाम केलंय असं वाटेल, मामी खूश. :)

हायपो:
ताई, आधी हात आवरा! सीआरटूला हात लावू नका. तीच तुमची निगेटिव्ह आहे.

मिरजेत माझा स्टुडिओ होता, आता बंद केलाय. जेपेग, म्हणजे तुमची नेहमी उघडते ती फोटोची फाइल, हा कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने धुऊन दिलेला प्रिंट. तुमच्या अंगणात उजेड कसला होता याचा त्याने अंदाज बांधला, तो रंग फोटोत पक्का केला आणि उरलेला माल फेकून दिला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तुमच्या सीआरटूत १६,३८४. बल्बचा पिवळा काढायचा म्हणजे रंग बराच ओढावा लागतो. इतक्या पायऱ्या असल्या की तो ओढला तरी फाटत नाही.

पिवळं का आलं, तेही ऐका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, तुमचा जुना बल्ब २७०० च्या आसपास. कॅमेऱ्याचं ऑटो साधारण ३००० ते ७००० एवढ्या टापूत चालतं. त्याच्या खाली गेलात की तो हात टेकतो. आमच्या वेळी फिल्म उन्हासाठी बनलेली असायची. बल्बखाली नारिंगी येऊ नये म्हणून लेन्सवर ८०ए नंबरची निळी काच लावायचो. ती काच दोन स्टॉप उजेड गिळायची, म्हणजे चार भागांतला एकच आत यायचा. हळदीच्या अंगणात एवढा उजेड आणायचा कुठून? तुम्हाला तेच काम एका क्लिकवर होतंय, तर करा.

प्रोग्राममध्ये व्हाइट बॅलन्स म्हणून भाग असेल, तिथे ड्रॉपरचं चित्र असतं. ते घ्या आणि जी वस्तू खरोखर पांढरी किंवा राखाडी आहे तिच्यावर टिचकी मारा. मामांची टोपी आहेच की. प्रोग्राम ती पांढरी करेल आणि त्या हिशोबाने बाकीचं हलवेल. 'ऑटो'ने तुमची हळद का खाल्ली? त्याला वाटलं, फोटोत पिवळं जास्त म्हणजे चूक. हळद म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? टोपी दाखवलीत की त्याला कळतं, पिवळं टोपीवरून काढायचं, गालावरून नाही.

त्याआधी ४१२ चे ६० करा. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे सात-सात, सगळे बाजूला. निवडीला एक अख्खी संध्याकाळ द्या. आणि सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

कोरडा पाषाण:
प्रोग्रामचं मी सांगतो. कॅननचा स्वतःचा डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट आहे. उतरवताना कॅमेऱ्याचा सिरियल नंबर मागतात, तो कॅमेऱ्याच्या बुडाला असतो. सीआरटू त्यात सरळ उघडतात. तो नको असेल तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल, दोन्ही फुकट. डार्कटेबल ताकदीचं आहे, पण पहिल्या दिवशी घाम काढतं. गिंप हा फुकटचा एडिटिंग प्रोग्राम उतरवून 'रॉ फाइल (सीआरटूसारखी कच्ची फाइल) उघडत नाही' म्हणून परत येऊ नका. गिंप ती स्वतः उघडत नाही, या दोघांपैकी एकाकडे पाठवतो.

नवखी:
काका, कॅननवालाच घेतला. निवड झाली, ६४ राहिलेत, आणखी कमी करवत नाहीत.

टोपीवर टिचकी मारली. पिवळं बरंच कमी झालं, पण पूर्ण नाही, भिंत अजून सायीसारखी दिसते. दुसऱ्या एका फोटोत मामा बरोबर बल्बखाली उभे आहेत, तिथे टोपीच्या माथ्यावर क्लिक केलं तर काहीच झालं नाही. आणि सोप्याच्या पायरीवर बसलेल्या बायकांचे चेहरे एका बाजूने पिवळे, दुसऱ्या बाजूने निळे. एक नीट करावं तर दुसरं बिघडतं. माझंच काहीतरी चुकतंय का?

हायपो:
तुमचं नाही, टोपीचं चुकतंय. मामी टोपीला नीळ घालतात ना? मग ती पांढरी नाही, निळसर आहे. प्रोग्रामने तेवढा निळा मारायला तेवढं पिवळं आत ठेवलं. हा घोळ मी टोपीवाल्या लग्नांत जन्मभर घातलाय, तरी तुम्हाला टोपीच सांगितली. म्हातारपण.

टोपी सोडा. बहिणीच्या पाटाभोवती रांगोळी काढली असेल. पांढऱ्या रांगोळीची, हळद-कुंकू न सांडलेली जागा शोधा आणि तिथे टिचकी मारा. दगडाची पूड ती, तिला नीळ नाही. शिवाय जो उजेड नवरीवर तोच रांगोळीवर.

बल्बखालच्या टोपीचं कारण वेगळं. माथा उजेडाने पार जळालाय. तिन्ही रंग टोकाला जाऊन टेकलेत, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी ती आधीच पांढरीशुभ्र. मग तो कशाला काही करेल? टिचकी नेहमी उजळ पण न जळालेल्या जागी मारायची. आणि एका फोटोत जमलं की ती सेटिंग कॉपी करून त्याच जागेच्या बाकी फोटोंवर टाका. ६४ वेळा टिचक्या मारत बसू नका.

जमलं की शेवटी अगदी थोडं पिवळं परत द्या. बल्बखालच्या हळदीचा फोटो भरदुपारी काढल्यासारखा दिसला तर मामीच विचारतील, हे कुठलं अंगण?

पायरीवरच्या बायकांना दोन उजेडांनी दोन बाजूंनी धरलंय. एका टिचकीत ते कधीच सुटणार नाही. चेहऱ्याचा जो भाग मोठा दिसतो तो बरोबर करा, दुसरी बाजू निळसर राहू द्या, डोळा ते मान्य करतो. ज्यात फारच विचित्र दिसतंय ते सरळ कृष्णधवल करा. रंगच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं? आजीचा एखादा तसा कराच, सुरकुत्या सुरेख येतील.

आता एक ताकीद. सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची, पट्टी उजवीकडे ढकलायचा मोह होईल, हळद अजून खुलावी म्हणून. नका ढकलू. बल्बच्या उजेडात तांबडा रंग सगळ्यात आधी टोकाला टेकतो. तिथे टेकला की गालावरच्या हळदीचे फराटे, बोटांच्या रेघा, सुकून पडलेल्या भेगा, सगळं एका सपाट नारिंगी डागात बुडतं. हळद दिसते ती तिच्या खडबडीतपणाने. उलट पट्टी जराशी डावीकडे ओढून बघा, फराटे वर येतील.

चेहरा काळपट आणि मागची भिंत उजळ असेल तर सगळा फोटो उजळवू नका, फक्त काळोखे भाग उजळवणारी शॅडोची पट्टी थोडी वर घ्या. आम्ही डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र) तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून चेहऱ्यावर सावली धरायचो, म्हणजे कागदावर चेहरा उजळ उतरायचा. टिकली हलवत ठेवायची, नाहीतर कडा उमटायची. हाताला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास दोन दिवस.

नवखी:
काका, रांगोळी!!! भिंत भिंतीसारखी झाली आणि गाल हळदीचे राहिले. आजीचा कृष्णधवल बघून आई रडली.

आता फोटो मोठा करून बघितला की रवा सांडल्यासारखं दिसतं. ते घालवू का?

कोरडा पाषाण:
आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) ६४०० वर ठेवून काढले असणार, अंधारात ती वाढवली की असा रवा येतो. रवा घालवणारं नॉइज रिडक्शन थोडंच लावा, जास्त लावलंत तर कातडीचं प्लास्टिक होतं. सहा बाय चारच्या प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २२ लाखांच्या आत. तुमच्याकडे २ कोटी ४० लाख आहेत. छोट्या प्रिंटमध्ये तो रवा दिसणारही नाही. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून रडायचं नाही.

क्रॉप करताना ३:२ हे प्रमाण बांधून ठेवा, सहा बाय चारचं तेच आहे. नाहीतर लॅबवाले स्वतःच्या मनाने डोकी छाटतात. सेव्ह करताना रंगांचा प्रकार (कलर स्पेस) एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या प्रकारात दिलंत तर बऱ्याच लॅबमधून रंग मरून येतात. आणि लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, फाइल बारीक होऊन जाते. पेनड्राइव्ह द्या नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हायपो:
आणि सगळे एकदम टाकू नका. आधी तीन प्रिंट काढा: एक उजळ, एक काळोखा, एक आजीचा.

नवखी:
आजच तीन प्रिंट आणले. रंग छान आलेत, पण तिन्ही लॅपटॉपपेक्षा काळे. लॅबवाले म्हणतात फाइलच तशी आहे.

हायपो:
लॅबवाल्याचं खरं असेल. लॅपटॉपचा उजेड किती ठेवलाय? पूर्ण ना? तुम्ही फोटो उजळवला नाहीत, पडदा उजळवलात. आता ते तीन प्रिंट घ्या, दिवसा खिडकीशी बसा, ऊन अंगावर नको. प्रिंट लॅपटॉपशेजारी धरा आणि पडद्याचा उजेड उतरवत जा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. निम्म्यापाशी याल बहुतेक. मग त्या उजेडात फोटो पुन्हा बघा, जे काळे वाटतील ते थोडे वर घ्या. नंतर अल्बम होईपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही.

नवखी:
निम्म्याच्याही खाली आले. :( बहुतेक फोटो थोडे उजळवले, परत दोन प्रिंट काढले. मामींनी एक हातातून सोडलाच नाही. उद्या सगळ्यांची ऑर्डर देतेय. लॅबवाले विचारतायत, मॅट की ग्लॉसी?

हायपो:
मॅट. हा अल्बम लग्नघरात फिरणार, लाडवाच्या हातांनी. ग्लॉसीवर प्रत्येकाचा अंगठा उमटेल.